पहिली फुंक

चौगुलेवहिनींची तक्रार ऐकून वैजयंतीला आधी हसू आलं. तक्रार काय, तर नवऱ्याचं घोरणं बंद झालं.

"तीस वर्षं घोरलाय हो माणूस," वहिनी म्हणाल्या. "एसटीचा ड्रायव्हर, घोरणं पण एसटीचंच. शेजारी कंटाळले, मी न्हाई कंटाळलो. आता बघावं तर गप्प."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्यात शिकून आल्यापासून वैजयंतीची ती सवय मोडली होती, पण कानाला अजून गोड लागायची.

"मग बरंच झालं की वहिनी. फुप्फुसातली गाठ आक्रसली, श्वास मोकळा झाला."

"मोकळा झाला हो, पण ह्यांचा न्हाई तो." वहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. "लांब सोडतोय. मधीच नाकानं चोरून एवढासा ओढतोय. परत सोडतोय. आन मग..." त्यांनी एक बोट उभं धरलं. "थांबतोय. पार थांबतोय. मी उठून बसतो, हात लावावा का न लावावा, तवर घेतोय. परक्या माणसाशेजारी झोपल्यागत होतंय बघा रोज. ह्या वयात कुणाला सांगायचं हे?"

वैजयंतीचं हसू विरलं. वहिनींनी बोट उभं धरलं त्या क्षणी तिने स्वतःचाही श्वास नकळत धरला होता. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या अप्पांचा होता, आणि अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

अप्पा म्हणजे तिचे वडील, हुपरीचे मल्हारी पोतदार. गावात चांदीकामाची घरं पुष्कळ, पण फुंकनळी शेवटपर्यंत धरणारे अप्पाच. बाकी सगळे गॅसच्या बर्नरवर गेले. पैंजणाची बारीक कडी जोडायला तिला डाख, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूचा जोड, लावावा लागतो. दिव्याची ज्योत फुंकेने वळवून सांध्यावर धरायची, डाख वितळून सांध्यात पळाला की तो एकदम चमकतो, आणि त्याच क्षणी फुंक थांबली पाहिजे. नाहीतर कडीचंच पाणी होतं. म्हणून अप्पांची फुंक अशी: लांब सोडायची, गाल भरलेले ठेवून मधेच नाकाने घोटभर हवा चोरायची, पुन्हा सोडायची, आणि डाख चमकला की थांबायचं. तेव्हा सगळं घर थांबायचं. मग अप्पा छातीभर श्वास घ्यायचे आणि घर पुढे चालू व्हायचं. जन्मभर तेच केल्यामुळे ते झोपेतही तसाच श्वास घेत.

तो श्वास चौगुल्यांच्या अंथरुणात कसा पोचला, याची वैजयंतीला थोडी शंका होती. थोडी म्हणजे पुष्कळच.

ती शहराबाहेरच्या माळावरल्या एका केंद्रात भौतिकतज्ज्ञ होती. तिथे कर्करोगावर कार्बनच्या कणांचा झोत सोडत, चौगुल्यांच्या गाठीवरही तोच सोडला होता. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेतल्या सगळ्यांनाच थोडंथोडं भाजतात. कार्बनचा कण वेगळा. तो आपली ताकद राखून चालतो, नेमून दिलेल्या खोलीवर पोचला की तिथे जवळजवळ सगळी ओततो आणि थांबतो. पण तो खरंच तिथेच थांबला का, हे कळायचं कसं? तर जाताजाता तो वाटेतल्या काही अणूंच्या गाभ्याचा टवका उडवतो. टवका उडालेले अणू पुढची काही मिनिटं मंद किरण टाकत राहतात, जोडीजोडीने, एकमेकांच्या उलट दिशांना. रुग्णाभोवतीच्या कड्यातले संवेदक ते टिपतात, आणि पडद्यावर माणसाच्या आत एक निळसर डाग उगवतो. झोत इथवर आला होता. केंद्रात त्याला पाऊलखूण म्हणत.

आता गाठ एका जागी बसेल तर ती गाठ कसली. श्वास घेतला की यकृत दोन बोटं खाली, सोडला की वर. खूण बघून नेम धरावा तर तोवर निशाणच हललेलं. म्हणून 'चाहूल' नावाची प्रणाली होती. रुग्ण पुढचा श्वास कसा घेणार हे ती क्षणभर आधी ओळखायची. रुग्णाच्या कानात ती वाऱ्याची हलकी सळसळ सोडायची, तिच्या तालावर त्याने श्वास घ्यायचा, आणि श्वास सोडून झाल्यावर जो थांबा येतो, जेव्हा आतलं सगळं स्थिर असतं, तेवढ्यात झोत सुटायचा. मग पाऊलखुणेवरून चाहूल आपला अंदाज तपासायची. तिला काम एकच नेमून दिलेलं: अंदाज आणि खूण यांतला फरक कमी कर.

रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्राची परीक्षा व्हायची. त्यासाठी माणसाच्या छातीपोटाएवढा एक बाहुला होता, बिनडोक्याचा, पाणी आणि जेलने भरलेला. पोटात भाता असल्यामुळे तो श्वास घ्यायचा. त्याचं पुस्तकी नाव फॅन्टम. यंत्र चालवणारा इरफान मुजावर त्याला पाव्हणं म्हणायचा. "पाव्हणं उठलं का? पाव्हण्याचं पाणी बदललं का?" कंपनीने पाव्हण्याला दिलेला श्वास गणिती होता, पाढे म्हटल्यासारखा. तसा श्वास कुठलाच जिवंत माणूस घेत नाही.

आणि इथेच वैजयंतीने ते केलं होतं, जे हुपरीच्या पोतदारांखेरीज कोणी केलं नसतं.

पोतदारांच्या शेगडीवर सकाळची पहिली फुंक घरातल्या थोरल्याची. बर्नर आले, कामगार आले, तरी अप्पा आंघोळ करून यायचे आणि दिवसातला पहिला डाख स्वतःच्या श्वासाने लावायचे. मग बाकीच्यांनी कामाला हात घालायचा. थोरल्याची फुंक खाल्लेली शेगडी दिवसभर वाकड्यात शिरत नाही, अशी समजूत. अप्पांच्या यकृतातली गाठ याच केंद्रात जाळली होती, नंतर ते चार वर्षं जगले, आणि तेव्हाची त्यांच्या श्वासाची नोंद यंत्रात होती. ते गेल्यावर वैजयंतीने ती काढून पाव्हण्याला दिली. यंत्राची परीक्षा खऱ्या माणसाच्या श्वासावर व्हायला हवी, असं कारण तिने वर कळवलं. कारण खरं होतं. दुसरंही एक कारण होतं, ते कळवलं नाही, पण तेही खरंच होतं. तेव्हापासून रोज सकाळी यंत्रावर पहिली फुंक अप्पांची पडत होती.

चौगुलेवहिनी गेल्यावर ती बाहेर प्रतीक्षागृहात येऊन बसली. वीज गेली होती. टीव्ही बंद, पंखे बंद. उपचार अर्ध्यावर आलेले आठदहा रुग्ण खुर्च्यांवर डुलक्या घेत होते. कुणी फेट्यातला, कुणी जीन्समधला, एक कॉलेजची मुलगी. वैजयंतीने डोळे मिटले.

लांब श्वास सुटला. मधे नाकाने घोटभर हवा. पुन्हा लांब. आणि मग खोलीत काहीच नाही. बाहेर कुठेतरी टिटवी ओरडली तेवढीच. तिला वाटलं, आता डाख चमकेल.

मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

"सगळ्यांचा?" इरफानने विचारलं.

"बघ तूच."

त्याने रुग्णांच्या श्वासाच्या रेषा पडद्यावर एकाखाली एक मांडल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाची रेषा वेगळी होती, जशा प्रत्येकाच्या गावाकडच्या टेकड्या. आठवड्याने त्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. शेवटी एकच टेकडी उरली.

इरफान म्हणाला, "फरक कमी करायचे दोन मार्ग असतात मॅडम. एक, समोरच्याला ओळखून घ्यायचं. दोन, समोरच्याला आपल्या ओळखीचं करून टाकायचं. आपण चाहूलला कुठला मार्ग ते सांगितलंच नाही."

"तिला सगळ्यात जास्त ओळखीचा श्वास एकच."

"रोज सकाळचा पाव्हण्याचा. मग ती कानात तोच फुंकते, हळूहळू, कळू न देता. सासवा करतात तसं. आमच्या अम्मीनं माझ्या बायकोच्या आमटीचं हेच केलं."

डॉ. शिरगुप्पे केंद्राचे प्रमुख. त्यांनी रेषा पाहिल्या, पाऊलखुणा पाहिल्या, चष्मा पुसला. "कुणाला इजा झालीय का? खुणा बघा तुम्ही, इतक्या नेमक्या कधी पडत नव्हत्या. लोकांना आपण एक चांगला, संथ श्वास शिकवतोय. योगवर्गात तरी दुसरं काय करतात?"

वैजयंतीने वाद घातला नाही. घालायला हवा होता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण प्रतीक्षागृहात बसून डोळे मिटले की अप्पा भेटत होते, आणि पुढच्या सोमवारपासून आईचा उपचार सुरू होणार होता.

आईला, शालनला, तोच आजार निघाला, यकृताचाच. "संसार एकत्र केला, हे तरी येगळं कशाला," एवढंच ती म्हणाली होती. अप्पा गेल्यापासून ती लेकीकडे राहत होती आणि नीट झोपत नव्हती. भिंतीला पाठ टेकून बसल्याबसल्या डोळा लागेल तेवढाच. अप्पा झोपेतच गेले, त्यांच्या नेहमीच्या थांब्यात. आई शेजारी जागी होती. थांबा रोजचाच, म्हणून ती आता घेतील, मग घेतील, अशी वाट बघत राहिली. किती वेळ, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या उपचारानंतर ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नुकत्याच धुतल्यासारखा दिसत होता.

"कानात कोण होतं गं?"

"यंत्र आहे आई ते."

"व्हय, यंत्र." आईने पदर सारखा केला. "मधीच नाकानं वढतंय तुझं यंत्र."

घरी आल्यावर आई जेवली, दोन वर्षांत पहिल्यांदा अंथरुणावर आडवी झाली, आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. वैजयंती दाराशी उभी राहून ऐकत होती. इतर रुग्णांना जे शिकायला आठवडा लागायचा, ते आईला शिकवावंच लागलं नव्हतं.

घरच्या माणसाच्या उपचाराला यंत्रावर बसायचं नाही असा नियम होता, म्हणून आईच्या वेळी इरफान बसायचा आणि वैजयंती मागे उभी राहायची. पाऊलखुणा मात्र ती रोज बघत होती. त्या सुरेख होत्या. दिवसागणिक जास्त सुरेख होत गेल्या, कडा तासून काढल्यासारख्या. डॉ. शिरगुप्प्यांनी त्यातली एक परिषदेत दाखवायला मागून घेतली.

ती खूण बघताना वैजयंतीला काहीतरी खुपत होतं. ते काय हे कळायला एक सकाळ जावी लागली. पाव्हण्याची परीक्षा चालू होती. पडद्यावर पाव्हण्याची खूण उगवली, आणि तिला वाटलं की इरफानने चुकून आईचं चित्र लावलंय.

"इरफान, हे कुणाचं?"

"पाव्हण्याचं. का?"

जिवंत शरीरातली पाऊलखूण कधी इतकी रेखीव नसते. किरण टाकणारे अणू ज्या मांसात असतात त्यातून रक्त वाहत असतं. ते त्यांना उचलून नेतं, पांगवतं, आणि वाळूतल्या पावलावरून लाट फिरावी तशी खूण पुसट होत जाते. या धुपण्याचा हिशेब प्रत्येक रुग्णाच्या चित्रात धरावा लागतो. फक्त पाव्हण्याच्या चित्रात धरावा लागत नाही, कारण त्याच्यात रक्त नाही. त्याची खूण होती तिथेच जळत राहते आणि आपल्या आपण विझते.

आईची खूण धुपत नव्हती.

वैजयंतीने श्वासाच्या नोंदी काढल्या. आईचा थांबा लांबत चालला होता, दर खेपेला थोडाथोडा. थांबा लांबला की झोत सोडायला वेळ जास्त मिळतो, नेम जास्त अचूक बसतो, म्हणून चाहूल तो आणखी लांबवत होती. आई तिला अडवत नव्हती. एवढा वेळ श्वास नाही म्हटल्यावर नाडी मंदावत होती, रक्त सुस्तावत होतं. रक्तातला प्राणवायू मोजणारा बोटावरचा चिमटा कुरकुरत नव्हता, कारण ती प्रत्येक वेळी मर्यादेच्या जरा अलीकडूनच परत येत होती. आत्तापर्यंत.

"डॉक्टर, हे चित्र चांगलं नाहीये," तिने शिरगुप्प्यांना सांगितलं. "हे चित्र मेलेल्या पाण्याचं आहे."

शिरगुप्प्यांनी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी धरली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "आजचा उपचार थांबवू या?"

"आई आत आहे. सुरू झालाय."

ती धावत आली तेव्हा इरफान खुर्चीतून अर्धा उठलेला होता. काचेपलीकडे आई कड्याच्या मधोमध निजलेली, डोळे मिटलेले, ओठांवर जरासं हसू. पडद्यावरची श्वासाची रेषा खाली आली होती आणि खालीच, जमिनीसारखी सपाट चालली होती. झोत त्याने बंद केला होता. सळसळ बंद केली होती. तरी रेषा उठत नव्हती. चिमटा वाजायला लागला.

"आई," वैजयंती माइकवर म्हणाली. "आई, श्वास घे."

आईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती कुणाची तरी वाट बघत होती आणि तिला मुळीच घाई नव्हती. शिरगुप्पे दाराकडे पळाले. ते जाडजूड दार उघडायलाच वेळ लागतो.

इरफानने माइक स्वतःकडे ओढला. "काकू, दूध उतू चाललंय!"

आईने खस्सकन श्वास घेतला. "बारीक कर की मग," ती म्हणाली आणि खोकत खोकत डोळे उघडले.

संध्याकाळी ती गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती, जसं काही झालंच नव्हतं. वैजयंती समोर येऊन बसली.

"तुला कळतंय ना आई, आज काय झालं असतं?"

"कळतंय की."

"मग श्वास का घेत नव्हतीस?"

आईने एक खडा बाजूला टाकला. "त्यानं आधी घ्यावा, मग मी. एवढंच. त्या दिवशी मला दम निघाला न्हाई वैजू. तो थांबलेला, आन मी आपला श्वास घेत बसलो त्याच्या शेजारी. घेतच राहिलो. आता मिळालाय तर थांबतो जरा."

"ते अप्पा नाहीत. मी सकाळी बाहुल्याला लावते ती नोंद आहे. चूक माझी आहे."

"पहिली फुंक घातलीस व्हय त्याची?" आईने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाजात कौतुकच होतं. "शिकून पण पोतदाराचीच राहिलीस."

"मी ती काढून टाकणारे."

आई उठली. सूप बाजूला सारून आत गेली आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी केंद्र बंद ठेवलं. चाहूलने शिकलेलं सगळं पुसायचं आणि तिला नवी ताकीद द्यायची: ओळखायचं, शिकवायचं नाही. त्यात वाद नव्हता. प्रश्न अप्पांच्या मूळ नोंदीचा होता. चाहूल रोज तिच्याकडेच परत येणार, म्हणून तीही जायला हवी होती. अप्पांचे फोटो घरात पुष्कळ होते. फुंकनळी होती. पण अप्पा जिवंत असल्याचा एवढा एकच पुरावा कुठे होता, तर तो इथे.

"एक प्रत घरी ठेवा की," इरफान हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय."

"ठेवली तर मी ऐकेन."

तिने ती पुसली. यंत्राने 'नक्की का' असं विचारलं, तसं ते कशालाही विचारतं.

"आता पाव्हण्याला श्वास कुणाचा द्यायचा?"

वैजयंतीने तो विचार रात्रभर केला होता. थोरला गेला की पहिली फुंक त्याच्या मागच्या थोरल्याची. हुपरीत तेव्हा हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेगडीवर आडवं फडकं टाकलं आणि झालं.

"थोरल्या माणसाचा," ती म्हणाली आणि आईला आणायला गेली.

आई रागात होती, पण आली. पाव्हण्याला बाजूच्या स्टुलावर बसवून त्याच्या जागी ती आडवी झाली. कानात काही नाही, झोत नाही, नुसती श्वासाची नोंद.

"घे आई श्वास."

"कसा?"

"तुझा."

"माझा कसा असतोय?"

ती विनोद करत नव्हती. तिने डोळे मिटले, आणि पडद्यावर रेषा लांब उतरली, मधे एक बारीकसा दात आला, पुन्हा उतरली. इरफानने वैजयंतीकडे बघितलं. यंत्रातून पुसलं तरी काय, चाळीस वर्षं त्या श्वासाशेजारी निजलेलं शरीर कसं पुसायचं?

"आई," वैजयंती माइकवर म्हणाली, "अप्पा फुंकायला बसले की तू काय करायचीस?"

"मी घुंगरू ओवायचो."

"गप्प बसून?"

"गप्प?" आईने डोळे उघडले. "तो नळी तोंडात घालून बसायचा सकाळधरनं. त्याला बोलता यायचं न्हाई. मग त्या घरात बोलायचं कुणी? तुझी आजी बहिरी. मीच बोलायचो. गावातलं, माहेरचं, कुणाची सून पळाली, भाजीला काय करायचं. नुसती टकळी. तो मान हलवायचा. डाख चमकला की तो थांबायचा, सगळी थांबायची, आन मी मधीच काहीतरी बोलायचो, म्हणून शिव्या खाल्ल्यात मी. आता ह्या पोराचा चहा घे. आल्यासकट उकळून उकळून काढा करतोस व्हय रे इरफान? आलं मागनं घालायचं असतंय. अम्मीनं शिकवलं न्हाई?"

"अम्मीनं बायकोला शिकवलंय, काकू."

"मग तुला कुणी शिकवायचं, मी?"

पडद्यावरची रेषा नाचत होती. शब्दांच्या फटीतून घेतलेले छोटेमोठे घोट, मधेच हसू, मधेच लांबलेलं वाक्य आणि त्याच्या टोकाला धापेचा झटका. त्यात एकही टेकडी दुसरीसारखी नव्हती. शिरगुप्पे कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. "यावर यंत्राची परीक्षा घ्यायची?" ते कळवळून म्हणाले.

"यात पास झालं तर कशातही होईल," वैजयंती म्हणाली.

चाहूल सुरुवातीला पार अडखळली. मग शिकली, आईच्या श्वासाच्या मागे मागे चालत. आईचे उरलेले उपचार पुन्हा सुरू झाले. झोत चालू असताना बोलता येत नाही, पण मनातल्या मनात बोलायला कोण अडवतं? थांबे तोकडे झाले, उपचाराला दुप्पट वेळ लागू लागला. पाऊलखूण उगवायची, आणि वैजयंती बघत असतानाच तिच्या कडा विस्कटायच्या, फिकट व्हायच्या, रक्त ती ओढून न्यायचं. परिषदेत दाखवण्याजोगं त्यात काही नव्हतं. वैजयंती ते चित्र पुसून जाईपर्यंत बघत राहायची.

"आत काय बोलतेस गं एवढं?" तिने एकदा विचारलं.

"दोन वर्षांचं साचलंय. त्याला सगळं सांगायला नको?"

आईची गाठ विझली. इतर रुग्णांचे उपचारही एकेक करून संपले, ते आपापल्या गावी गेले. प्रतीक्षागृहात आता खोकणारे, धापा टाकणारे, घोरणारे बसत, आणि त्या बेताल गोंगाटात वैजयंतीला बरं वाटायचं. चौगुलेवहिनींना तिने फोन करून सगळं समजावलं, माफी मागितली. घोरणं परत येईल का, हे तिला सांगता आलं नाही.

"न्हाई आलं," वहिनी म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे आता. सवय झाली. कुणाचा हाय म्हणालासा तो?"

वैजयंतीने सांगितलं. ते आईने आतून ऐकलं.

मग आई रोज विचारू लागली. चौगुल्यांचं गाव कागलजवळ म्हणजे किती लांब. गाडीनं किती वेळ. ड्रायव्हर माणूस दुपारचा निजतो का.

शेवटी एका दुपारी दोघी गेल्या. चौगुले जेवून आतल्या खोलीत बाजेवर पसरले होते. वहिनींनी काही विचारलं नाही. ओसरीवर पावट्याच्या शेंगांची पाटी पुढे ओढली, आणि तिघी सोलायला बसल्या. आई नेहमीसारखी बोलत होती, पावसाबद्दल, पावट्याला लागणाऱ्या किडीबद्दल. मग आत झोप लागली, आणि आई बोलायची थांबली.

लांब श्वास सुटला. मधे घोटभर हवा. पुन्हा लांब.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. वैजयंतीच्या मनात आलं की आत्ता, या भर दुपारी, कुठल्याकुठल्या गावांत कितीतरी माणसं आडवी झाली असतील, त्यांच्या बायका, सुना, नातवंडं शेजारी असतील, आणि त्यांतल्या कुणालाच हे माहीत नसेल. पुसायला आता काही हाताशी नव्हतं.

आत श्वास थांबला.

वहिनींचा हात पाटीत थबकला. वैजयंतीने आपला श्वास रोखला, नेहमीसारखाच, न ठरवता. दाराची कडी, ओसरीवरचं ऊन, पाटीतले हिरवे दाणे, सगळं डाख चमकायची वाट बघत होतं. तिने आईकडे पाहिलं. आई दाराकडे बघत होती, ओठ जरासे उघडे, तेच हसू. थांबा लांबला. वैजयंतीचा हात आईच्या दंडाकडे गेला.

तो पोचायच्या आत आईने श्वास घेतला. चांगला आवाज करून, छातीभर. शेंगेची शीर ओढली, दाणे पाटीत टाकले, आणि दुसरी शेंग उचलली.

आणि मग आतून, तिच्या मागोमाग, कुणीतरी श्वास घेतला.